साठ वर्षांपूर्वीच्या गिअरबॉक्सचे दाते

जुन्या गार्डन ट्रॅक्टरचे इंजिन बंद पडले तर हौशी माणूस फारसा डगमगत नाही. कोहलरची इंजिने अनेक कंपन्यांच्या यंत्रांवर बसत. त्यांचे पिस्टन, रिंगा, गास्केट अमेरिकेत आजही मिळतात. पोटात गोळा येतो तो गिअरबॉक्समधून खरखर ऐकू आल्यावर. तिथले गिअर आणि शाफ्ट त्या यंत्रापुरतेच घडवलेले असतात आणि घडवणारी कंपनी अनेकदा केव्हाच विकली गेलेली असते. तरीही 1960च्या दशकातले कितीतरी गार्डन ट्रॅक्टर अमेरिकेत अजून गवत कापतात, परसबाग नांगरतात, हिवाळ्यात दारातले बर्फ ढकलतात. ते कशाच्या बळावर, हे पाहण्यासारखे आहे.

एक कारखाना, दोन ट्रॅक्टर

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी शहरांभोवती मोठ्या अंगणांची घरे उभी राहिली आणि त्यांच्यासाठी छोट्या ट्रॅक्टरांची बाजारपेठ तयार झाली. इंडियानातल्या साउथ बेंडची व्हील हॉर्स या क्षेत्रात आधीच होती. शेतीच्या ट्रॅक्टरांसाठी नावाजलेल्या इंटरनॅशनल हार्वेस्टरने 1961 मध्ये 7 अश्वशक्तीचा ‘कब कॅडेट’ आणला; जॉन डीअरचा 110 आला 1963 मध्ये.

कब कॅडेट केंटकीतल्या लुईव्हिलच्या कारखान्यात तयार होई. याच कारखान्यात 1947 पासून ‘फार्मऑल कब’ हा शेतीचा लहान ट्रॅक्टर बनत होता. नव्या यंत्रासाठी कोऱ्या कागदावर गिअरबॉक्स आखण्याऐवजी अभियंत्यांनी कबचीच रचना बेतून घेतली. त्यामुळे अंगणातल्या ट्रॅक्टरला शेतातल्या ट्रॅक्टरचे ओतीव लोखंडी घर आणि दणकट दाते मिळाले. पुढे 1981 मध्ये कब कॅडेटचा व्यवसाय एमटीडी या कंपनीकडे गेला आणि 1985 मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरचा शेतीयंत्रांचा विभाग ‘केस’ या कंपनीत मिसळला. म्हणून या गिअरबॉक्सचा भाग शोधणारा दोन्ही खिडक्यांवर विचारतो. कब कॅडेटच्या विक्रेत्याकडे संपलेला भाग फार्मऑल कबच्या नावाने दुसरीकडे निघू शकतो.

आधी ओळख, मग शोध

खोलण्याआधी ट्रॅक्टर चालवून त्याचे दुखणे ऐकावे. वेगाबरोबर वाढणारी घरघर बहुधा बेअरिंगची. चालता चालता गिअर सुटत असेल, तर दात्यांच्या कडा गोल झाल्या असतील, शिफ्टर फोर्क झिजला असेल किंवा त्याला जागेवर धरणारी स्प्रिंग मेली असेल. काढलेले ऑइल दुधाळ दिसले तर पाणी आत शिरले आहे. गिअरच्या दांड्याचे रबरी बूट फाटले की तिथूनच ते उतरते, तळाशी साठते आणि कडाक्याच्या थंडीत गोठून घराला तडाही देऊ शकते.

खोलताना प्रत्येक शिम आणि सर्कलिप ज्या क्रमाने निघाली त्या क्रमाने ठेवावी, फोटो काढावेत. नंतर सगळे धुऊन आकडे वाचायला बसावे. ओतीव भागावर उठलेला आकडा पुष्कळदा फक्त ओतकामाचा असतो. यंत्रावर घडवून पूर्ण झालेल्या भागाचा क्रमांक वेगळा असतो. पहिला आकडा घेऊन दुकानात गेलेला माणूस हात हलवत परत येतो. खरा क्रमांक भागांच्या पुस्तिकेत, मॉडेल आणि सीरियल नंबर जुळवून पाहायचा.

बेअरिंगचे काम त्या मानाने सोपे. त्याच्या कडेवर 6205 असा आकडा असेल, तर आतला व्यास 25, बाहेरचा 52 आणि रुंदी 15 मिलिमीटर, हे जगातल्या कोणत्याही बेअरिंगच्या दुकानात ठरलेले आहे. गिअरबॉक्सच्या कंपनीचे नाव तिथे सांगावेही लागत नाही. ऑइल सीलला आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी ही तीन मापे पुरतात. मात्र अमेरिकी शाफ्ट इंचात असतो. एक इंच म्हणजे 25.4 मिलिमीटर, जवळपास तेवढेच म्हणून 25 चे सील बसवू नये.

गिअरचे दाते मोजावेत आणि बाहेरचा व्यास इंचात घ्यावा. साध्या सरळ दात्यांच्या गिअरमध्ये दात्यांच्या संख्येत दोन मिळवून व्यासाने भागले की अमेरिकी पद्धतीचा ‘पिच’ निघतो. 30 दाते आणि 3.2 इंच व्यास असेल तर पिच 10. आपल्याकडच्या मॉड्यूलमध्ये तो 2.54 येतो. म्हणजे 2.5 मॉड्यूलचा तयार गिअर दिसायला तसाच असला तरी त्याच्याशी नीट चालणार नाही.

कुठे मिळते?

पहिली आशा विक्रेत्याच्या फडताळातल्या जुन्या, न वापरलेल्या मालाची. दुसरा मार्ग म्हणजे इंजिन गेलेला, पत्रा गंजलेला तसाच ट्रॅक्टर सुट्या भागांसाठी विकत घेणे. एखादा महाग गिअर शोधण्यापेक्षा हे अनेकदा स्वस्त पडते, शिवाय पुढच्या दुरुस्तीची बेगमी होते. मात्र पिनियन आणि त्याचे मोठे बेव्हल चाक जोडीनेच घ्यावे. ही दोन चाके एकमेकांबरोबर बसवून जुळवलेली असतात. जोडी फोडली की आवाज आणि झीज दोन्ही वाढतात.

काही ट्रॅक्टरांत गिअरबॉक्स बाहेरच्या कंपनीचा असतो. पीअरलेसचे गिअरबॉक्स अनेक ब्रँडांच्या ट्रॅक्टरांत बसलेले आहेत. तिथे बॉनेटवरच्या नावापेक्षा गिअरबॉक्सवरच्या पट्टीचा आकडा महत्त्वाचा. त्या आकड्याने शोधले की दुसऱ्याच रंगाच्या ट्रॅक्टरातून हवा तो शाफ्ट निघू शकतो.

शेवटचा उपाय म्हणजे गिअर नवा घडवणे. दाते पाडून काम संपत नाही. योग्य मिश्रधातू निवडून पृष्ठभाग कार्बरायझिंगने कठीण करावा लागतो आणि गाभा चिवट ठेवावा लागतो. नुसत्या मऊ पोलादाचा गिअर लवकर झिजतो. हायड्रोस्टॅटिक मॉडेलांची गोष्ट आणखी निराळी. त्यांत पंप आणि मोटर तेलाच्या दाबावर चालतात. तिथे ओ-रिंग आणि व्हॉल्व बदलता येतात, पण पंपाच्या घासून चमकवलेल्या पृष्ठभागांवर ओरखडे पडले तर पूर्ण युनिट शोधणेच बरे.

मराठी मुलखाशी नाते

इंटरनॅशनल हार्वेस्टर हे नाव आपल्यालाही परके नाही. 1963 मध्ये महिंद्र आणि व्होल्टास यांच्यासोबत तिने इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया उभी केली आणि मुंबईच्या कांदिवलीतून बी-275 बाहेर पडू लागला. आपल्या शेतकऱ्यांनी हे ट्रॅक्टर वर्षानुवर्षे वापरले, तेही याच रीतीने: भंगारातून भाग काढून, बेअरिंगचा आकडा वाचून, लेथवर शाफ्ट दुरुस्त करून.

सामायिक रचना, प्रमाणित बेअरिंग, बोल्ट काढून उघडता येणारे घर आणि क्रमांकांसह छापलेली पुस्तिका, एवढ्या चार गोष्टींवर यंत्राचे दीर्घायुष्य उभे असते. दुरुस्त करणाऱ्याची चिकाटी त्यानंतर कामी येते. गिअरबॉक्स न खोलताच अख्खा बदलायचा अशी रचना असेल, तर चिकाटीलाही वाव उरत नाही. म्हणून पॉवर टिलर असो वा छोटा ट्रॅक्टर, खरेदीच्या वेळी किमतीआधी सुट्या भागांची पुस्तिका मागावी आणि गिअरबॉक्स उघडून त्यातले एक बेअरिंग बदलता येते का, हे विचारावे. विक्रेत्याकडे याचे सरळ उत्तर नसेल, तर पुढच्या दुकानात जावे.