मिनी ट्रॅक्टरची चिखलातली पकड : साखळी की लोखंडी चाक?

मृग नक्षत्र जवळ आले की कोकणातील वेल्डिंगच्या दुकानांपुढे लोखंडी चाकांच्या जोड्या दिसू लागतात. पूर्वी या जोड्या बहुतेक पॉवर टिलरच्या असत, आता पंधरा ते पंचवीस अश्वशक्तीच्या मिनी ट्रॅक्टरच्याही असतात. अलीकडे त्यात एक नवी मागणी आली आहे. गिऱ्हाईक मोबाइल पुढे करते. त्यात एक छोटा ट्रॅक्टर टायरला साखळ्या गुंडाळून बर्फातून सहज चाललेला असतो. "भाई, आम्हालाही अशी साखळी बसवून द्या, खाचरात चाक जागेवर फिरते."

अशा गिऱ्हाइकाला काय सांगावे आणि लोखंडी चाक द्यायचे ठरले तर ते कसे निवडावे व बसवावे, हे आमच्या गॅरेज, वर्कशॉप, टायर आणि हार्डवेअर व्यवसायातील वाचकांसमोर आम्ही मांडत आहोत. या कामात कमाई थोडी आहे आणि जबाबदारी मोठी. दोन ठिकाणी तर ती थेट जिवावरची आहे. त्यांचा उल्लेख पुढे ओघाने येईल. घाईत वाचणाऱ्यांनी निदान तेवढा भाग तरी सोडू नये.

प्रथम साखळीविषयी. ही मुळात बर्फाच्या मुलखातली वस्तू आहे. अमेरिका-कॅनडात घरासमोरचा बर्फ सारण्यासाठी लहान ट्रॅक्टर वापरतात आणि त्यांना साखळ्या चढवतात. आपल्या देशात काश्मीर आणि हिमाचलमध्ये गाड्यांना साखळी लावण्याची गरज पडते. खाली टणक जमीन आणि वर निसरडा थर असेल, तर साखळीचे आडवे पदर त्या थरात रुतून पकड घेतात. शेतीच्या टायरला साधी शिडीसारखी साखळी नीट बसत नाही, तिचे आडवे पदर टायरच्या दोन खोल खाचांच्या मध्ये पडतात आणि काही उपयोग होत नाही. त्यासाठी आडव्या पदरांना मधूनही जोडणारी जाळीसारखी साखळी घ्यावी लागते. बसवताना आकड्यांची उघडी टोके टायरकडे नव्हे, बाहेरच्या बाजूला ठेवावी लागतात, नाहीतर तीच टोके टायर कापतात. बसवल्यावर थोडे अंतर चालवून पुन्हा ताणावी लागते, कारण सैल साखळी मडगार्डवर आपटते.

भाताच्या खाचरातला मामला वेगळा आहे. तिथे चिखल वरचा पातळ थर नसून वीतभर, कधी त्याहून जास्त खोल असतो. साखळीचा पदर अंगठ्याएवढा जाड. तो आणि टायरची खाच दोन्ही पहिल्याच फेरीत चिखलाने भरतात आणि चाक गुळगुळीत पिंपासारखे फिरू लागते. म्हणून चिखलणीसाठी साखळी मागणाऱ्याला स्पष्ट नाही म्हणावे. आंबा-काजूच्या बागेत ओल्या जांभ्याच्या उतारावर तिचा थोडा उपयोग होईल, पण उघड्या कातळावर ती स्वतःही झिजते आणि टायरलाही झिजवते.

लोखंडी चाकाकडे वळण्याआधी टायर पाहावा. खाचा झिजून गेल्या असतील तर अर्धे दुखणे तिथेच असते. टायर उलटा चढवलेला आहे का, हेही तपासावे. ट्रॅक्टरच्या मागे उभे राहून पाहिले तर खाचांच्या रेषांचे टोक वरच्या दिशेला दिसले पाहिजे. पंक्चर काढताना डावे-उजवे बदलून बसवलेले टायर आम्ही एकदा नव्हे, अनेकदा पाहिले आहेत. मागच्या टायरमध्ये पाणी भरलेले असेल तर चिखलणीपूर्वी ते काढावे. नांगरटीला आणि ट्रॉली ओढायला पाण्याचे वजन कामाचे असते, पण चिखलात तेच वजन ट्रॅक्टरला खाली नेते.

एवढे करूनही काम भागत नसेल तर लोखंडी चाक, ज्याला बाजारात केज व्हील म्हणतात. त्याचे दोन प्रकार. टायर काढून त्याच्या जागी बसते ते पूर्ण चाक. टायर तसाच ठेवून त्याच्या बाहेरच्या बाजूला जोडले जाते ते अर्धे चाक. खाचरे मोठी व सलग असतील, चिखल खोल असेल आणि एकदा उतरलेला ट्रॅक्टर दिवसभर शेतातच राहणार असेल तर पूर्ण चाक चांगले. पण कोकणात अशी शेती किती? लहान लहान खाचरे, मध्ये बांध, एका वाडीतून दुसऱ्या वाडीत जाताना रस्ता ओलांडणे, हेच जास्त. तिथे आमच्या मते अर्धे चाक सोयीचे, मात्र त्याचा व्यास टायरपेक्षा थोडा कमी ठेवावा. म्हणजे टणक जागी भार टायरवर राहतो आणि चिखलात टायर थोडा रुतला की लोखंडी पाती कामाला लागतात.

आता मापाचा प्रश्न. "अमक्या कंपनीच्या ट्रॅक्टरची जोडी द्या" एवढ्या निरोपावर लोखंड कापू नये. ट्रॅक्टर दुकानासमोर आणायला सांगावा. अर्ध्या चाकाचे माप ट्रॅक्टर जमिनीवर उभा असताना घ्यावे, जॅकवर असताना नव्हे, कारण भार आला की टायरच्या कुशीचा फुगवटा वाढतो आणि पाती त्याला घासू लागतात. पूर्ण चाकासाठी नुसता व्यास मोजण्यापेक्षा टायरवर खडूची खूण करून पाच फेरे सरळ चालवावे आणि अंतराला पाचाने भागावे. एका फेऱ्यात ट्रॅक्टर किती पुढे जातो, हे त्यातून अचूक कळते.

चारही चाकांना जोर देणाऱ्या, म्हणजे फोर व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरला ही मोजणी फार महत्त्वाची आहे. अशा ट्रॅक्टरमध्ये पुढची चाके मागच्यांपेक्षा किंचित जास्त वेगाने चालतील, असा गिअरचा हिशेब कारखान्यातच बांधलेला असतो. मागचे चाक लहान किंवा मोठे झाले की तो हिशेब बिघडतो. चिखलात चाके थोडी घसरतात म्हणून लक्षात येत नाही, पण टणक जमिनीवर हीच ओढाताण पुढच्या गिअरवर आणि शाफ्टवर जाते. तेव्हा एका फेऱ्याचे अंतर मूळ टायरएवढेच ठेवावे आणि खाचराबाहेर पडताच पुढच्या चाकांचा जोर बंद करावा, हे गिऱ्हाइकाला तोंडी नव्हे, चिठ्ठीवर लिहून द्यावे.

चाक बनवताना कारागिरांकडून होणारी नेहमीची चूक म्हणजे पाती दाट लावणे. जितकी पाती जास्त तितकी पकड जास्त, असे गिऱ्हाइकालाही वाटते. प्रत्यक्षात दोन पातींमध्ये वीतभर मोकळी जागा नसेल तर चिखल अडकून बसतो. सव्वादोन-अडीच मीटर घेराच्या चाकाला दहा-बारा पाती पुरतात. रुंदीचेही तसेच. चाक जितके बाहेर जाईल तितका एक्सेलवर आणि बेअरिंगवर ताण येतो. तरफेचाच हा नियम आहे. मिनी ट्रॅक्टर एक टनाच्या आतबाहेरचा असतो, त्याचा एक्सेलही त्याच बेताचा. मोठ्या ट्रॅक्टरचे चाक कापून लहानाला बसवण्याचा उद्योग कोणी करू नये.

पाती तिरपी लावायची असतील तर डावे आणि उजवे चाक एकमेकांचे प्रतिबिंब असले पाहिजे. आमच्या माहितीतील एका कारागिराने घाईत दोन्ही चाके एकाच साच्यावर टाके मारून दिली. ट्रॅक्टर खाचरात सारखा एका बाजूला ओढू लागला. शेतकऱ्याने चार दिवस स्टीअरिंगला दोष दिला, पाचव्या दिवशी चाके घेऊन दुकानात आला. लावणीच्या हंगामातले चार दिवस म्हणजे काय, हे ज्याच्या घरी भातशेती आहे त्याला सांगायला नको.

रिमवर वेल्डिंग : पहिला धोका

अर्धे चाक जोडण्यासाठी रिमवर कान किंवा पट्टी वेल्ड करून घेण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी दिसते. टायर चढवलेला असतानाच हे काम उरकले जाते. फार झाले तर व्हॉल्व्ह काढून हवा सोडतात आणि आता भीती नाही असे समजतात. वाचकहो, ही समजूत घातक आहे. रिम तापली की तिला चिकटलेले रबर आतल्या आत जळू लागते आणि त्यातून पेट घेणारा वायू तयार होतो. हा वायू टायरमधल्या हवेत मिसळतो आणि स्फोट होतो. व्हॉल्व्हचे छिद्र एवढे लहान असते की तो दाब त्यातून बाहेर जाऊच शकत नाही. स्फोट वेल्डिंग चालू असतानाच होतो असेही नाही, काम संपवून रॉड खाली ठेवल्यावर काही वेळानेही होतो. टायर फाटतो आणि रिमचा तुकडा समोरच्या माणसावर येतो. अशा अपघातांत जगभर कारागीर दगावले आहेत. टायरमध्ये पाणी असले म्हणून धोका टळत नाही.

म्हणून टायर आणि ट्यूब रिमवरून पूर्ण उतरवल्याशिवाय रिमला ना वेल्डिंगची ठिणगी लावावी, ना गॅस कटरची ज्योत. त्याहून उत्तम म्हणजे रिमला वेल्डिंगच करू नये. अर्ध्या चाकाची जोडणी चाकाच्या डिस्कवर नट-बोल्टने घ्यावी. थोडे जास्त लोखंड आणि एक तास जास्त लागेल. गिऱ्हाईक त्या तासाचे पैसे द्यायला कुरकुरत असेल तर ते काम दुसरीकडे जाऊ द्यावे. दुकानात शिकाऊ मुले असतात, बहुतेक वेळा रिम धरून तीच समोर बसलेली असतात, हेही ध्यानात ठेवावे.

आणखी एक गोष्ट. चाक ट्रॅक्टरवर असताना त्याला टाका मारू नये. अर्थिंग लांब लावलेली असेल तर वीज बेअरिंगमधून जाते आणि बेअरिंग खराब होते. चाक उतरवून, धुऊन, मग टाका मारावा.

बसवणे

काम टणक, सपाट जागी करावे. पुढच्या चाकांना दगड लावावेत, जॅकखाली जाड फळी ठेवावी आणि नुसत्या जॅकवर विसंबू नये, एक्सेलखाली लाकडी ठोकळे द्यावेत. पूर्ण चाकाचे मधले भोक हबवर नेमके बसले पाहिजे. ते सैल असेल तर सारा भार बोल्टवर येतो आणि बोल्ट तुटतात. नट निमुळते असतील तर चाकाच्या भोकांनाही तशीच निमुळती बैठक हवी. तिथे सपाट वायसर घालून वेळ मारून नेऊ नये. नट समोरासमोर, आळीपाळीने आवळावेत. चाक हाताने पूर्ण फिरवून मडगार्डला किंवा ब्रेकच्या दांड्याला पाती लागत नाही ना, हे पाहावे. खाचरात तासभर काम झाल्यावर नट पुन्हा आवळायचे असतात. हे गिऱ्हाईक हमखास विसरते, म्हणून पाना त्याच्या डब्यात आहे का, ते आपणच विचारावे.

दुसरा धोका शेतात आहे, पण सल्ला दुकानातच द्यायला हवा. ट्रॅक्टर चिखलात रुतला की लोक मागच्या चाकाला लाकडाचा ओंडका बांधतात किंवा साखळी गुंडाळतात आणि पहिल्या गिअरमध्ये जोर देतात. चाकाला फिरायला जागा उरली नाही की एंजिनाचा तोच जोर ट्रॅक्टरचे तोंड वर उचलतो. ट्रॅक्टर मागच्या एक्सेलभोवती उलटतो आणि चालक खाली सापडतो. दोन सेकंदांच्या आत हे सारे घडते. क्लच दाबायला उसंत मिळत नाही. लोखंडी चाकाची पकड जितकी चांगली तितका हा धोका जास्त, कारण टायर निदान घसरून जोर सोडून देतो. रुतलेला ट्रॅक्टर आधी हळूच मागे घेऊन पाहावा. जमत नसेल तर रोटाव्हेटर सोडवावा, चाकांपुढची माती खणावी आणि दुसऱ्या ट्रॅक्टरने पुढून ओढून काढावा. खाजणाच्या ज्या जागी खाली टणक थरच नाही, तिथे कोणतेही चाक चालत नाही. तिथली ऑर्डर घेऊच नये.

रस्त्याचेही सांगायला हवे. मोटार वाहन नियमांनुसार रस्त्यावर येणाऱ्या ट्रॅक्टरला हवेचे टायर असावे लागतात. लोखंडी पाती डांबर उकरतात. आंध्र आणि तेलंगणात यावरून कारवाया झाल्या आहेत. पूर्ण चाके ट्रॉलीत टाकून शेताच्या बांधावर न्यावीत आणि तिथे बसवावीत. हे काम दिवसाला दोनदा करणे कोणाला परवडत नाही, म्हणूनच आम्ही वर अर्ध्या चाकाची शिफारस केली.

खारजमिनीत चालणारी चाके रोज गोड्या पाण्याने धुवावीत, नाहीतर पहिला गंज टाक्यांनाच धरतो. हंगाम संपल्यावर काळे ऑइल फासून आडोशाला ठेवावीत. जुनी जोडी विकत घेताना आरा आणि कडे जिथे जुळतात तिथला रंग खरवडून पाहावा. तडा असेल तर तिथेच असतो, आणि ताजा रंग बहुधा तेवढ्यासाठीच दिलेला असतो.

राहता राहिले बिल. २२ सप्टेंबर २०२५ पासून शेतीच्या ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आणि ट्रॅक्टरच्या टायर-ट्यूबवरचा १८ वरून ५ टक्क्यांवर आला. गिऱ्हाईक हाच दर लोखंडी चाकालाही लावा म्हणेल. तयार चाक, सुटे लोखंड आणि केवळ मजुरी यांचा हिशेब एक नसतो. तेव्हा हंगामाचे पहिले बिल फाडण्याआधी आपल्या कर सल्लागाराकडून वस्तूचा क्रमांक लिहून घ्यावा. बिलावर ट्रॅक्टरचे मॉडेल, टायरचे माप आणि चाक पूर्ण की अर्धे, हेही नोंदवावे. तीच जोडी उद्या दुसऱ्या ट्रॅक्टरवर चढवून कोणी तक्रार घेऊन आला, तर आपल्याजवळ कागद असतो.