आधी खर्च, मग अनुदान

ग्रामीण भागातील प्रत्येक घरात शौचालय हवे, यावर दिल्लीत फारसे मतभेद नव्हते. प्रश्न होता तो पैशाचा. १९८६ च्या केंद्रीय ग्रामीण स्वच्छता कार्यक्रमाचा भर अनुदानावर होता. १९९९ च्या संपूर्ण स्वच्छता अभियानाने अनुदान घटवून जनजागृतीवर भिस्त ठेवली. २ ऑक्टोबर २०१४ रोजी सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानाने पात्र कुटुंबांना १२ हजार रुपये देऊ केले. परंतु ही रक्कम बहुधा बांधकामानंतर हाती पडणारी. विटा, सिमेंट आणि गवंड्याची मजुरी मात्र आधीच मोजावी लागते. रोजंदारीवर जगणाऱ्याने ती आणायची कोठून? सावकाराऐवजी बचत गटाचे किंवा सूक्ष्मवित्त संस्थेचे छोटे कर्ज येथे आधार ठरू शकते. २०१५ मध्ये रिझर्व्ह बँकेने स्वच्छता सुविधांसाठीच्या कर्जांना प्राधान्य क्षेत्रात स्थान दिले, ते म्हणूनच महत्त्वाचे. तथापि, शौचालय म्हणजे दुभती म्हैस नव्हे. त्यातून हप्त्यापुरती कमाई होत नाही. अनुदान रखडले, की व्याजाचा बोजा गरिबाच्याच माथी. तेव्हा कर्ज हा अनुदान मिळेपर्यंतचा आधार असावा, अनुदानाला पर्याय नव्हे. शौचालयांची संख्या मोजणाऱ्या शासनाने, अनुदान किती दिवसांत पोहोचले, हेही मोजले पाहिजे.