झाडीत किंवा तळ्यात गेलेली डिस्क आणताना: गोचीड, पुरळ आणि पाणी

उन्हाळ्यात मुलांकडे अमेरिकेला गेलेल्या आई-वडिलांना सुट्टीच्या दिवशी डिस्क गोल्फला येण्याचा आग्रह होऊ शकतो. खेळ गोल्फसारखाच आहे. चेंडू आणि काठीऐवजी प्लास्टिकची डिस्क असते आणि ती कमीत कमी फेकींत साखळ्या लावलेल्या टोपलीत टाकायची असते. मॅसॅच्युसेट्समधील लेस्टर गावचे मेपल हिल हे या खेळाचे नावाजलेले मैदान. तिथे दाट झाडी आहे आणि वाटेत तळी आहेत. दोन-तीन तास चालणे होते, त्यामुळे गुडघे ठीक असतील तर साठीनंतरही जरूर जा.

त्रास बहुधा फेक चुकल्यावर सुरू होतो. डिस्क गवतात किंवा पाण्यात जाते आणि आपण तिच्यामागे जातो.

खसखशीएवढी गोचीड

अमेरिकेच्या ईशान्य भागातील झाडीत काळ्या पायांची गोचीड असते. तिच्यामुळे लाइम नावाचा आजार होतो. कनेक्टिकट राज्यातील ज्या गावात १९७५ च्या सुमारास या आजाराचे रुग्ण लक्षात आले, त्या गावाचेच हे नाव. आपण गुराढोरांवर पाहतो तशी ही टपोरी नसते. मे ते जुलैमध्ये चावणारी लहान गोचीड खसखशीच्या दाण्याएवढी असते आणि चावल्याचे कळतही नाही. ती झाडावरून पडत नाही, उडीही मारत नाही. गवताच्या टोकावर बसून असते आणि तुम्ही घासून गेलात की कपड्यांना चिकटते.

म्हणून पूर्ण पँट घाला आणि तिची टोके मोज्यांत खोचा, दिसायला कसेही दिसो. डीट असलेला रिपेलंट त्वचेवर लावता येतो. पर्मेथ्रिन मात्र फक्त कपड्यांवर आणि बुटांवर मारायचे. घरी आल्यावर कपडे ड्रायरमध्ये कडक उष्णतेवर दहा मिनिटे फिरवा, आंघोळ करा आणि काख, जांघ, बेंबी, गुडघ्यामागची घडी, कानामागचा भाग आणि केस नीट तपासा. पाठ दुसऱ्याकडून पाहून घ्या.

गोचीड सापडली तर बारीक टोकाच्या चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढा. तेल, रॉकेल, पेटती काडी यांपैकी काही लावू नका. जंतू शरीरात जायला ती साधारणपणे २४ तासांहून अधिक चिकटून राहावी लागते, म्हणून त्याच संध्याकाळी तपासण्याला एवढे महत्त्व. काढल्यानंतर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटा. गरज वाटली तर ते डॉक्सिसायक्लिनचा एकच डोस देतात.

आता माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट. लाइमचा चट्टा चावल्यानंतर ३ ते ३० दिवसांत उठतो. तोवर तुम्ही पुण्याला किंवा नागपूरला परतलेले असाल. चट्टा हळूहळू पसरतो, कधी मध्ये फिका पडून कड्यासारखा दिसतो. फारसा दुखत किंवा खाजत नाही. सावळ्या त्वचेवर तो लालऐवजी काळा-निळा, मार लागल्यासारखा दिसू शकतो, आणि काहींना तर उठतच नाही. सोबत ताप, अंगदुखी, थकवा असला की पावसाळ्यात इथे आधी डेंग्यूच आठवतो, आणि ते साहजिकही आहे. म्हणून "मी अमेरिकेत जंगलात फिरलो होतो" हे तुम्हीच सांगायला हवे. सुरुवातीला रक्ततपासणी बऱ्याचदा निगेटिव्ह येते, त्यामुळे चट्टा पाहूनच उपचार सुरू करावे लागतात. वेळेवर दिलेल्या अँटिबायोटिकने बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. उपचाराविना चेहऱ्याचा अर्धांग, गुडघ्याला मोठी सूज किंवा हृदयाच्या ठोक्यांत बिघाड होऊ शकतो.

बिब्ब्याची चुलतबहीण

एका देठाला तीन पाने असलेली पॉयझन आयव्ही ही वनस्पती बिब्बा आणि आंबा यांच्याच कुळातली. तिच्या चिकाने बिब्बा उतल्यासारखे फोड येतात. आंब्याच्या चिकाने ज्यांचे ओठ सुजतात त्यांनी जास्त जपावे. हा चीक डिस्कला आणि बुटांनाही लागून राहतो, म्हणून हातांबरोबर डिस्कही साबणाने धुवा. चेहऱ्यावर किंवा डोळ्यांभोवती सूज आली तर डॉक्टरांकडे जा.

पाण्यात गेलेली डिस्क

नवी डिस्क साधारण १५ ते २० डॉलरला मिळते, तेव्हा तिच्यासाठी तळ्यात उतरू नका. तळाशी चिखल असतो आणि पाय रुततो. वसंतात पाणी इतके गार असते की एकदम श्वास लागतो आणि रक्तदाब वाढतो. हृदयविकार असलेल्यांना हे झेपणारे नाही. मधुमेहामुळे पाय बधिर असतील तर काच किंवा काटा लागलेला कळणारही नाही. उन्हाळ्याच्या शेवटी पाण्यावर हिरवी साय दिसली तर त्यात हातही घालू नका, ते शेवाळ विषारी असू शकते. काठाजवळची डिस्क काढायला लांब दांड्याचा आकडा मिळतो. त्याने निघाली तर निघाली.

जखम झालीच तर वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवा. जखम मळकट असेल आणि धनुर्वाताचे शेवटचे इंजेक्शन घेऊन पाच वर्षे उलटली असतील, तर ते पुन्हा घ्यावे लागते.