घोट कळतो तो ताटासमोर

बिअरचं परीक्षण लिहायचं असेल तर ग्लास रिकामा होईपर्यंत गुण देऊ नयेत, आणि तो ग्लास जेवणाबरोबर रिकामा झालेला असावा. माझं हे मत दिवसेंदिवस पक्कं होत चाललं आहे.

२००९ मध्ये डूलालीने पुण्यातल्या कॉरिंथियन्स हॉटेलात महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी सुरू केली. तोवर आपल्याकडे बिअर म्हणजे बाटलीतली, पिवळी, होता होईल तेवढी गार केलेली लागर. आज इंडिपेंडन्स, एफिंगट, ग्रेट स्टेट एलवर्क्स ही नावं पुण्यात बिअर पिणाऱ्यांच्या बोलण्यात सहज येतात. मुंबईत गेटवे या ब्रुअरीची गव्हाची बिअर घराघरांत नसली तरी बऱ्याच बारमध्ये ओळखीची आहे. पिणारे वाढले तसे मत देणारेही वाढले, ही चांगलीच गोष्ट आहे. मात्र मत बनवण्याची पद्धत एका साच्यात अडकली आहे. लाकडी फळीवर चार-सहा छोटे ग्लास येतात, प्रत्येकातले दोन-तीन घोट घेतले जातात आणि लगेच मोबाइलवर तारे दिले जातात.

या पद्धतीत नेहमी जिंकते ती मोठ्या आवाजाची बिअर. हॉप्स (बिअरला कडूपणा आणि वास देणारी फुलं) ठासून भरलेली आयपीए, फळांचा रस घातलेली आंबट बिअर, दहा टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असलेली स्टाउट. दोन घोटांत त्या छाप पाडतात. कडवट आयपीएनंतर जिभेवर आलेली साधी लागर पाणचट वाटणारच, त्यात लागरचा काही दोष नसतो. जर्मनीतल्या कोलोन शहराची क्योल्श घ्या. तिथे ती साधारण दोनशे मिलिलिटरच्या उभट ग्लासात देतात आणि तुम्ही ग्लासवर चकती ठेवून ‘पुरे’ म्हणेपर्यंत वाढपी नवा भरलेला ग्लास आणत राहतो. तिसरा ग्लास पहिल्याइतकाच हवासा वाटणं हेच क्योल्शचं कसब. दोन घोटांच्या परीक्षेत तिला ते दाखवायची संधीच मिळत नाही.

मायकल जॅक्सन या इंग्लिश पत्रकाराने (गायकाशी केवळ नामसाधर्म्य) १९७७ साली ‘द वर्ल्ड गाइड टू बिअर’ हे पुस्तक लिहिलं. जगभरच्या बिअर त्याने प्रकारांत बसवल्या आणि प्रत्येक प्रकाराला त्याच्या गावाशी, पाण्याशी, तिथल्या जेवणाशी जोडून दाखवलं. कुठल्याही बिअरला आधी तिच्या प्रकारात जोखायचं, ही शिस्त मोठ्या प्रमाणात त्याच्या लिखाणातून रुजली. १९८५ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या बीजेसीपी या परीक्षकांच्या संस्थेची गुणपत्रिकाही याच वाटेने जाते. एकूण गुण ५०. त्यातले वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडातल्या स्पर्शाला ५ आणि एकंदर परिणामाला १०. रूपाला फक्त तीन, हे फोटो काढण्यात रमणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं.

वासाला बारा गुण का, हे कळायला सोपी युक्ती आहे. नाक चिमटीत धरून एक घोट घ्या. गोड, कडू, आंबट एवढंच कळेल. मग गिळताना नाक सोडा आणि श्वास बाहेर टाका. संत्र्याची साल, भाजलेला पाव, लवंग, जे काही असेल ते त्या क्षणी एकदम उमलतं. घशाच्या मागच्या बाजूने नाकात चढणारा हा वास म्हणजेच आपण ज्याला चव म्हणतो तिचा मोठा हिस्सा. म्हणून बिअर फार गार नको. बर्फाळ बिअरमधून वास सुटत नाही. लागर चार ते सात अंशांवर ठीक, पण एल आणि स्टाउट आठ ते बारा अंशांवर बोलू लागतात. आपल्याकडच्या उन्हात ग्लास हातात धरून थोडं थांबलं तरी काम होतं. पहिला घोट आणि दहा मिनिटांनंतरचा घोट यांतला फरक टिपून ठेवणं हा परीक्षणातला मला सर्वांत आवडणारा भाग आहे.

रूपात पाहायचं ते रंगापेक्षा फेसाकडे. फेस उभा राहतो बार्लीतल्या प्रथिनांवर आणि हॉप्समधल्या कडू द्रव्यांवर. तो पटकन बसला तर दोष ब्रुअरचाच असेल असं नाही. ग्लासला तेलकटपणा असेल तरी फेस मरतो. आतल्या भिंतीला बुडबुडे चिकटून राहिले असतील तर ग्लास नीट धुतलेला नाही असं समजावं आणि मनात कसलाही संकोच न ठेवता दुसरा ग्लास मागावा.

मग दोष ओळखायचे. लोण्यासारखा वास आला तर तो डायअ‍ॅसिटिल. आंबवण्याच्या शेवटी यीस्टला पुरेसा वेळ दिला की यीस्ट स्वतःच ते खाऊन टाकतं, त्यामुळे बहुतेक वेळा घाई झालेली असते. (नळाच्या नळ्या साफ नसल्या तरी हा वास येतो.) उकडलेल्या मक्याचा वास डायमिथिल सल्फाइडचा, हिरव्या सफरचंदाचा अ‍ॅसिटाल्डिहाइडचा. ओल्या पुठ्ठ्यासारखी चव म्हणजे बिअर शिळी झाली, तिला हवा लागली. १९७०च्या दशकात मॉर्टन माइलगार्ड या रसायनतज्ज्ञाने अशा साऱ्या चवी आणि वास एका चक्राकार तक्त्यात मांडले, म्हणजे कोपनहेगनचा आणि टोकियोचा परीक्षक एकाच गोष्टीला एकच नाव देईल. आपणही हा तक्ता वापरावा, पण शेजारी आपली वही उघडी ठेवून. पाइन वृक्षाचा वास ज्याने कधी घेतला नाही त्याने ‘पाइन’ लिहू नये. हापूसचा देठ, सुकी कोकमं, भाजलेली ज्वारी, कैरीची साल ही आपल्या नाकाची खरी स्मरणवही आहे आणि वाचकालाही तीच कळते.

हे सगळं जमलं तरी परीक्षण अर्धंच होतं, कारण बिअर रिकाम्या टेबलावर पिण्यासाठी बनत नाही. आणि आपल्याकडे टेबलावर येतं ते तिखट.

मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या ज्या ग्राहकांना चेतवतं, ते मुळात उष्णता ओळखणारे ग्राहक आहेत. म्हणून ‘तोंड भाजलं’ ही अनुभूती शरीराच्या लेखी खरीच असते. अल्कोहोलही त्याच ग्राहकांना डिवचतं. बिअरमधल्या कार्बन डायऑक्साइडचं तोंडात आम्ल होतं आणि त्याची चुणचुण वर चढते. कॅप्सेसिन तेलात विरघळतं, पाण्यात जवळपास नाही. आणि बिअर नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असते. त्यामुळे बिअरने तिखट धुऊन निघतं ही समजूत खरी नाही. गारव्याने क्षणभर बरं वाटतं, बस्स. सात टक्क्यांची कडवट आयपीए झणझणीत रश्श्यावर घेतली तर जाळ वाढतो आणि मागे फक्त कडूपणा उरतो. तिच्या ज्या हॉप्ससाठी जास्त पैसे मोजले, त्यांचा वास या गदारोळात सापडतही नाही.

तिखटाला लागतो थोडा माल्टचा गोडवा, कमी कडूपणा आणि कमी अल्कोहोल. बव्हेरियाच्या पद्धतीची गव्हाची बिअर, म्हणजे हेफेवाइझेन, इथे राणी आहे. तिच्यातला केळ्याचा आणि लवंगेचा वास कुठल्याही केळ्या-लवंगेतून आलेला नसतो, तो यीस्टने घडवलेला असतो. मालवणी मसाल्यातल्या लवंगेशी तो असा जुळतो की कोंबडीच्या रश्श्यानंतरचा घोट पहिल्यापेक्षा अधिक भरलेला लागतो. बेल्जियमची विटबिअर आणखी जवळची. हुखार्डन गावात हा प्रकार बंद पडला होता. दुधाचा व्यवसाय केलेल्या पिएर सेलिसने १९६६ साली तो पुन्हा सुरू केला. त्यात पडतात धणे आणि कडवट संत्र्याची वाळवलेली साल. धण्यांचा सुगंध मुख्यतः लिनालूल या द्रव्याचा, आणि तेच द्रव्य हॉप्सच्या तेलातही असतं. गोड्या मसाल्याची भरली वांगी आणि विटबिअर एकत्र खाऊन-पिऊन पाहा. धणे दोन्हीकडून हाक मारतात.

काळ्या बिअरबद्दल आपल्याकडे उगाच भीती आहे. रंग गडद म्हणून ती जड आणि चढणारी असेल असं लोक धरून चालतात. गिनेस ड्राफ्टमध्ये अल्कोहोल साधारण ४.२ टक्के, म्हणजे बाजारातल्या बहुतेक ‘स्ट्राँग’ बाटल्यांपेक्षा बरंच कमी. रंग येतो तो खरपूस भाजलेल्या बार्लीचा. कांदा-खोबरं काळपट होईस्तोवर भाजून वाटलेला मटणाचा रस्सा आणि कोरडी स्टाउट यांच्यात भाजण्याच्या त्याच रासायनिक क्रियांतून आलेल्या चवी आहेत. ज्वारीच्या भाकरीच्या पापुद्र्यावर पडलेले डागही त्याच कुळातले. म्हणून पिठलं, भाकरी, खर्डा आणि तपकिरी माल्टी एल हे जेवण मला कुठल्याही पिझ्झापेक्षा पटतं. तळलेल्या कुरकुरीत बोंबलांना मात्र यातलं काही नको. त्यांना स्वच्छ, कोरडी पिल्सनर द्यावी. तिचे बुडबुडे जिभेवरचं तेल उचलतात आणि पुढचा तुकडा पुन्हा पहिल्यासारखा लागतो.

आपल्या परमिट रूमना हे व्यवहारातून कधीच उमगलं होतं. १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्याच्या पोटातून परवान्याची पद्धत आली, परमिट रूम आल्या, आणि त्यांच्या भटारखान्यांत चकन्याची एक संपूर्ण पाककला घडली. खारे शेंगदाणे, कांदा-लिंबू घातलेला मसाला पापड, उकडलेल्या अंड्यावर तिखटमीठ, सुकट, कोळंबी. मीठ कडूपणा दाबतं हे संवेदनशास्त्राने प्रयोगांनी दाखवलेलं आहे. शेंगदाण्याची बशी टेबलावर ठेवणाऱ्या पोऱ्याला ते अनुभवाने माहीत होतं. या जागांचं खाणं क्वचितच कोणी गंभीरपणे लिहून ठेवलं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. रंग उडालेल्या खुर्च्या आणि मंद दिवे पाहून समीक्षक बाहेरूनच परत फिरतात.

खानावळीचं परीक्षण बिअरच्या शिस्तीनेच करावं, असं म्हणूनच वाटतं. मिसळ ही एक वस्तू नाही. पुण्याच्या बेडेकरांची गोडसर चवीची मिसळ, कोल्हापूरची कट आणि पावाच्या स्लाइससह येणारी मिसळ, नाशिकची पापड आणि दह्यासोबतची मिसळ या वेगवेगळ्या जाती आहेत. बेडेकरांकडे जाऊन ‘तिखट नाही’ म्हणत गुण कापणं म्हणजे क्योल्शला ‘हॉप्स कमी’ म्हणण्यासारखंच. आधी विचारायचं, ही मिसळ काय व्हायला निघाली आहे? मग पाहायचं, ती तशी झाली का. मटकीचा दाणा अख्खा राहून आतून शिजला आहे का, तर्रीत मसाल्याचा वास आहे की नुसता रंग, फरसाण कुरकुरीत आहे की मऊ पडलेलं, दुसऱ्यांदा वाढलेला रस्सा पहिल्याइतकाच दाट आहे का. सकाळी आठचा रस्सा आणि दुपारी एकचा रस्सा वेगळा असतो, म्हणून दोन्ही वेळा जावं. बिल स्वतः भरावं. ओळख सांगू नये. जी खानावळ ज्या पदार्थासाठी ओळखली जाते तोच पदार्थ मागवावा. मच्छी थाळीच्या ठिकाणी पनीर मागवून नाराज होण्यात कोणाचंच भलं नाही. आणि थाळी खाताना सोलकढी शेवटी प्यावी, नाहीतर जीभ इतकी शांत होते की रश्श्यातलं तिखट जोखताच येत नाही.

बिअरच्या बाबतीतही आणखी एक प्रश्न विचारायला लाजू नये: हा केग कधी लावला? हॉप्सचा वास काही आठवड्यांत उतरू लागतो. ताजी आयपीए आणि दोन महिने रेंगाळलेली आयपीए यांना एकाच नावाखाली तारे देणं ब्रुअरवर अन्याय आहे. चांगल्या टॅपरूममधला मुलगा हा प्रश्न ऐकून खूश होतो आणि बरेचदा आणखी काहीतरी सांगतो: कोणती बिअर आज सकाळीच लावली, कोणती संपत आली आहे.

आता एक मागणी. आपल्या टॅपरूमच्या मेनूवर अजून नाचोज, विंग्ज आणि बर्गर यांचंच राज्य आहे. या बिअरना ज्या जेवणाची खरी गरज आहे ते दोन गल्ल्या सोडून, मालवणी खानावळीत आणि जुन्या परमिट रूममध्ये शिजतं. महाराष्ट्रातल्या काही ब्रुअऱ्या आपली बिअर केगमधून दुसऱ्या रेस्तराँना पुरवतातच. एखाद्या परमिट रूमच्या मालकाने लागरच्या शेजारी फक्त एक नळ गव्हाच्या ताज्या बिअरला द्यावा, बोंबील येतात तसे नियमाने केग मागवावेत, आणि एखाद्या टॅपरूमने आपल्या स्वयंपाकघरात कांदा-खोबऱ्याचं वाटण भाजणारी एखादी मावशी बसवावी. परीक्षण लिहायला मी दोन्ही ठिकाणी रांगेत पहिली उभी असेन, बिल भरून.