कांगलुंग : शाळेच्या अंगणात वाढलेलं गाव

जुलैमधल्या सकाळी कांगलुंगच्या वर्गात धुकं खिडकीतून आत येतं. आधी पलीकडचा डोंगर दिसेनासा होतो, मग घड्याळाचा मनोरा, मग मैदान. शेवटी मागच्या बाकावरची मुलंही पुसट होतात. खिडकी लावायला कुणी उठत नाही. मी फळ्यावर मान्सूनच्या वाऱ्यांचे बाण काढत असते आणि त्याच वाऱ्यांनी बंगालच्या उपसागरावरून आणलेली वाफ वर्गात येऊन बसलेली असते. भूगोल शिकवणाऱ्या बाईला याहून मोठं भाग्य ते काय हवं!

कांगलुंग हे पूर्व भूतानमधल्या त्राशीगांग जिल्ह्यातलं छोटं गाव. उंची सुमारे १,९०० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखरापेक्षाही जास्त. एक मुख्य रस्ता, त्याच्या दोन्ही बाजूंना रंगीत नक्षीच्या लाकडी खिडक्यांची दुकानं, एक देऊळ आणि एक कॉलेज. बाजारपेठ या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला दहा मिनिटं पुरतात. मला मात्र तेवढ्या वेळात ती कधीच ओलांडता आलेली नाही, कारण वाटेत दर चार पावलांवर कुणीतरी बोलायला थांबवतं.

घाटरस्त्याचा दिवस

महाराष्ट्रातून निघालं की गुवाहाटीपर्यंत विमान किंवा रेल्वे, तिथून गाडीने आसामातलं दरंगा. सीमेवरच्या कमानीतून पलीकडे गेलं की समद्रूप जोंगखार. इथे घड्याळ अर्धा तास पुढे करायचं. मग सुरू होतो त्राशीगांगपर्यंतचा १८० किलोमीटरचा घाट. भारताच्या सीमा रस्ते संघटनेचा ‘दंतक’ प्रकल्प १९६१ पासून भूतानमध्ये रस्ते बांधतो आहे, त्यातलाच हा एक. देवथांग, वामरोंग, खालिंग अशी गावं मागे पडत जातात. वळणं इतकी, की मोजायला घेतलेला माणूस पहिल्या तासातच नाद सोडतो. अख्खा दिवस त्यात जातो. त्राशीगांग २२ किलोमीटर उरलं की कांगलुंग येतं.

मी चिपळूणची. कुंभार्ली घाट अंगवळणी पडलेला, त्यामुळे रस्त्याची भीती वाटली नाही. नवल वाटलं ते जंगलाचं. देशाची किमान ६० टक्के जमीन कायम वनाखाली राहील, असं भूतानच्या २००८ च्या राज्यघटनेतच लिहिलेलं आहे. या घाटात ते कलम डोळ्यांना दिसतं.

आधी शाळा, मग बाजार

साठ-सत्तर वर्षांपूर्वी इथे डोंगरउतारावर विखुरलेल्या वाड्या आणि मक्याची शेतं होती. १९६३ मध्ये विल्यम मॅकी नावाचे कॅनडातले जेझुइट पाद्री दार्जिलिंग भागातली बरीच वर्षांची शिक्षकी सोडून भूतानच्या बोलावण्यावरून त्राशीगांगला आले. देशात तेव्हा आधुनिक शाळा मोजक्याच होत्या. पुढे १९६६ मध्ये, तिसरे राजे जिग्मे दोर्जी वांगचुक यांच्या काळात, कांगलुंगला ‘शेरुबत्से’ ही शाळा स्थापन झाली. या नावाचा अर्थ ज्ञानाचं शिखर. १९७६ मध्ये तिचं ज्युनिअर कॉलेज झालं आणि १९८३ मध्ये भूतानमधलं पहिलं पदवी महाविद्यालय. तेव्हा ते दिल्ली विद्यापीठाला जोडलेलं होतं. २००३ मध्ये भूतानचं स्वतःचं रॉयल विद्यापीठ निघालं आणि शेरुबत्से त्यात सामील झालं.

मॅकी यांना भूतानने नागरिकत्व दिलं. १९९५ मध्ये त्यांनी याच देशात अखेरचा श्वास घेतला. त्यांच्या मागोमाग भारतातून, विशेषतः केरळमधून, शिक्षकांच्या पिढ्या या डोंगरांत आल्या. आज एखादा पन्नाशीचा सरकारी अधिकारी भेटला, तर ‘आमचे गणिताचे सर केरळचे होते’ हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं. २०१८ ते २०२३ या काळात पंतप्रधान असलेले डॉ. लोटे त्शेरिंग याच शेरुबत्सेचे विद्यार्थी.

एखाद्या गावात देवस्थान आधी येतं आणि पेठ नंतर. कांगलुंगात ते स्थान शाळेचं आहे. चहाची टपरी, वह्यांचं दुकान, शिंपी, खानावळ, सगळं कॉलेजच्या आधाराने उभं राहिलं. म्हणून इथे शिक्षक परका राहूच शकत नाही. त्याचं काम काय, हे सगळ्या गावाला त्याच्या आधीपासून ठाऊक असतं.

‘ला’ नावाचं अक्षर

इथल्या बोलण्यात आदर एका अक्षरात मावतो. वाक्याच्या शेवटी ‘ला’ लावला की झालं. ‘कुझुझांगपो ला’ म्हणजे नमस्कार. मुलं इंग्रजी बोलतानाही तो सोडत नाहीत. ‘येस ला’, ‘मॅडम ला’. पहिल्या आठवड्यात मला ते गंमतीचं वाटलं. महिनाभराने चिपळूणला फोनवर आईशी बोलताना मीच ‘हो ला’ म्हणून गेले.

राष्ट्रभाषा झोंगखा, शिक्षणाचं माध्यम इंग्रजी आणि पूर्वेकडच्या घराघरांतली बोली त्शांगला. त्यात आसामशी चाललेल्या जुन्या व्यापारामुळे आणि १९९९ मध्ये टीव्ही आल्यावर पाहिलेल्या मालिकांमुळे बाजारात हिंदीही चालते.

मुलगे घो घालून वर्गात येतात, मुली कीरा नेसून. गुडघ्यापर्यंतचा घो कमरेला घट्ट बांधला की पोटावर मोठी खोळ तयार होते. तोच खिसा. त्यातून वही निघते, मोबाइल निघतो, पावसाळ्यात छत्री निघते आणि मधल्या सुट्टीत भाजलेलं मक्याचं कणीसही निघतं. एकदा चाचणीच्या दिवशी एका मुलाच्या खोळीतून मांजरीचं पिल्लू डोकावलं. धुक्यात वाटेवर सापडलं, सोडून येववलं नाही, असं तो म्हणाला. पेपर संपेपर्यंत ते माझ्या टेबलावर शालीत झोपलं होतं.

२ मे हा तिसऱ्या राजांचा जन्मदिवस भूतानमध्ये शिक्षक दिन म्हणून पाळतात. त्या दिवशी मुलं आमच्यासाठी नाच बसवतात, स्वयंपाक करतात आणि आम्हाला पाणीसुद्धा हाताने घेऊ देत नाहीत.

मिरचीची भाजी, मक्याचे पोहे

भूतानमध्ये मिरची ही भाजी आहे. एमा म्हणजे मिरची, दात्शी म्हणजे चीज. हिरव्या मिरच्या उभ्या चिरायच्या, त्यात कांदा, टोमॅटो, लसूण, थोडं तेल, मीठ आणि पाणी घालून शिजवायच्या आणि उतरवताना चीज कुस्करून घालायचं. एमा दात्शी तयार. कोल्हापूरकरांनाही पहिल्या घासाला पाणी मागावं लागेल. दुसऱ्या घासाला मात्र चिजाचा मऊपणा जिभेवर येतो आणि हात थांबत नाही. शरद ऋतूत घरांच्या छपरांवर लाल मिरच्या वाळत पडतात, तेव्हा त्राशीगांगचा रस्ता कुंकवाच्या सड्यासारखा दिसतो.

पूर्वेचं खरं धान्य मका. तो भरडून भातासारखा शिजवला की खरांग. भाजून, कुटून चपटा केला की तेंगमा. पहिल्यांदा चहाबरोबर वाटीत तेंगमा आला तेव्हा मी सरळ त्यावर फोडणी घालायचा विचार केला, इतके ते पोहे दिसत होते. पुढच्या रविवारी तसं केलंही. मोहरी, कढीपत्ता, शेंगदाणे गुवाहाटीहून आणलेले. शेजारच्या घरातली तीन मुलं वाटी पुसून परत मागायला आली.

पाहुणचाराची रीतही ओळखीची वाटली. काही वाढायला आलं की पाहुण्याने तोंडापुढे हात धरून ‘मेशु, मेशु’ म्हणायचं, म्हणजे नको, नको. यजमानाने ऐकायचं नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी घ्यायचं. पंगतीतल्या आग्रहात वाढलेल्या माणसाला हे वेगळं शिकवावं लागत नाही.

वसंतात बाजारात नाके येतात, म्हणजे नेच्याचे गुंडाळलेले कोवळे कोंब. शेतकरीण त्यांच्या जुड्या बांधून बसते. शेजारी घरच्या चिजाचे गोळे. आमच्याकडे पहिल्या पावसानंतर टाकळा, फोडशी, शेवळं घेऊन कातकरणी बसतात, त्याच ओळीत तिला बसवावं असं वाटतं.

संध्याकाळची फेरी

चार वाजता तास संपतात. बाजाराजवळ झांगदोपेलरीचं मंदिर आहे. गुरू पद्मसंभव, म्हणजे इथले गुरू रिनपोचे, यांच्या स्वर्गाचं नाव त्याला दिलेलं आहे. वृद्ध मंडळी जपमाळ घेऊन त्याला उजवीकडून प्रदक्षिणा घालतात, भिंतीतली प्रार्थनाचक्रं हाताने फिरवत जातात. मीही त्यांच्या मागे चालते. एक आजी रोज विचारते, ‘आज मुलांना काय शिकवलं?’ मोडक्या हिंदीत मी सांगते : नदी, वारा, भूकंप. ती मान डोलावते आणि कमरेच्या डबीतून डोमा काढते. हिरवं पान, चुना आणि ओली सुपारी, म्हणजे आपला विडाच. पण ही सुपारी अशी चढते की कान गरम होतात आणि थंडी पळून जाते.

सुट्टीच्या दिवशी तिरंदाजी असते. लक्ष्य सुमारे १४५ मीटरवर, साध्या डोळ्यांना जेमतेम दिसणारं. बाण लागला की त्या संघातली माणसं गोल करून गाणं म्हणतात आणि पाय टाकत नाचतात. त्यात बँकेतला अधिकारी, ट्रकचालक आणि आमचे प्राध्यापक एकाच ओळीत असतात.

कष्ट नाहीत असं नाही. पावसाळ्यात दरड कोसळली की घाट बंद होतो आणि दुकानात कांदे-बटाटेही संपतात. योंगफुलाची धावपट्टी इथून वरच्या डोंगरावर आहे, पण ढग उतरले की विमान येत नाही. राजधानी थिम्फू दोन दिवसांच्या वाटेवर. माहेरी जायचं ते बहुतेक हिवाळ्याच्या लांब सुट्टीतच. पण रस्ता बंद असताना शेजारच्या घरातून न मागता भोपळा येतो, एवढं या तीन वर्षांत मी पाहिलं आहे.

यायचं असेल तर मार्च ते मे किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये या. भारतीयांना व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र दाखवून परवाना मिळतो. पर्यटकांना २०२२ पासून माणशी एका रात्रीचं १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क भरावं लागतं. भूतानचा नुल्ट्रम आणि आपला रुपया यांचं मोल एकच. १६६७ मध्ये उभारलेला त्राशीगांगचा किल्लेवजा झोंग आणि हातमागाच्या रेशमी कापडासाठी नावाजलेलं राधी गाव कांगलुंगहून दिवसभरात पाहता येतं.

फळा नसलेला वर्ग

ज्या बाईकडून मी मिरच्या घेते, ती शाळेत कधी गेली नव्हती. तिची मुलगी माझ्या वर्गात आहे. भूतानने १९९०च्या दशकात मोठ्यांसाठी अनौपचारिक शिक्षणाचे वर्ग सुरू केले. त्या कामासाठी देशाला २०१२ मध्ये युनेस्कोचा कन्फ्यूशियस साक्षरता पुरस्कार मिळाला. ही बाई अशाच एका वर्गात शेतातलं काम आटोपल्यावर झोंगखा लिहायला शिकली. आता तिच्या टोपलीजवळ एक वही असते. कुणाकडून किती येणं आहे, ते ती स्वतः लिहिते.

मागच्या ऑक्टोबरात माझ्याकडे सुटे पैसे नव्हते. ‘वहीत लिही,’ मी म्हटलं. तिने पेन माझ्या हातात दिलं, ‘तूच लिही, मॅडम.’ मी तेव्हा झोंगखाची मुळाक्षरं गिरवत होते. टोपलीशेजारी उकिडवी बसून, जीभ दातांत धरून, मी माझं नाव लिहिलं. तिने वही हातात घेतली, बोटाने एकेक अक्षर वाचलं आणि मान हलवली. झोंगखात प्रत्येक अक्षरगटानंतर एक टिंब द्यावं लागतं, ते मी विसरले होते. तिने माझ्या हातातून पेन घेतलं, टिंब दिलं, आणि वही पुन्हा माझ्यापुढे सरकवली.

‘आता परत एकदा लिही,’ ती म्हणाली.

मी लिहिलं. ‘बरोबर आहे का, ला?’