खंदकातलं मतदान

पहाटे 5. चॅटनूगा, टेनेसी. 13 ऑक्टोबर 1863. अमेरिकेचं यादवी युद्ध. बिगूल वाजतो. ओहायोच्या पलटणींतला कुठलाही एक शिपाई घ्या, नाव नकोच. पगार महिना 13 डॉलर, तोही थकलेला. चिकमॉगाच्या लढाईत मार खाऊन उत्तरेची फौज या गावात शिरली, त्याला तीन आठवडे झाले. समोरचे डोंगर दक्षिणेचा सेनापती ब्रॅगच्या ताब्यात आहेत.

सकाळी 6. कॉफीचे दाणे पत्र्याच्या मगात टाकायचे, संगिनीच्या बुडानं कुटायचे आणि त्याच मगात उकळायचे. बिस्किट कोरडं चाववत नाही. कॉफीत बुडवलं की त्यातले किडे वर येतात. ते काढायचे आणि खायचं. शिधा अर्ध्यावर आलाय. रसदीला साठेक मैलांची चिखलवाट, आणि महिन्याच्या सुरुवातीला दक्षिणेच्याच व्हीलरच्या घोडदळानं शेकडो गाड्या जाळल्या.

सकाळी 8. कुदळ, फावडं. खंदक रुंद करायचा. आसपासची झाडं कधीच तुटली, आता सरपणासाठी बुंधे खणतात.

सकाळी 10. हात पुसून रांगेत. ओहायोचा गव्हर्नर निवडायचाय. छावणीतून मत देता येईल, असा कायदा राज्यानं याच वर्षी केला. चिठ्ठ्या पक्षांनी छापलेल्या. कोण कुठली टाकतो ते मागचा बघतो, कप्तानही बघतो. एकीकडे जॉन ब्रफ, युद्ध चालू ठेवा म्हणणारे. दुसरीकडे व्हॅलँडिगहॅम, युद्ध थांबवा म्हणणारे. युद्धाविरुद्ध भाषण केलं म्हणून त्यांना पकडलं, लिंकननी हद्दपार केलं आणि मे महिन्यात याच फौजेनं पांढरं निशाण धरून त्यांना ब्रॅगच्या चौकीवर पोचवलं. आता ते कॅनडातून, विंडसरहून, निवडणूक लढवताहेत.

तंबूतला एकोणीस वर्षांचा जोडीदार रांगेत नाही. बंदुकीला अठरा पुरतात, मताला एकवीस लागतात. पेनसिल्व्हेनियाच्या पलटणीही नुसत्या बघताहेत. त्यांच्याकडेही आज गव्हर्नरचीच निवडणूक, पण छावणीतलं मतदान कोर्टानं रद्द केलंय. तो निकाल लिहिणारे न्यायमूर्ती वुडवर्ड तिथले उमेदवार!

दुपारी 1. खेचरांच्या गव्हाणीवर पहारा. शत्रूपासून नव्हे, आपल्याच माणसांपासून. मका खाली सांडला की उपाशी शिपाई वेचून, भाजून खातात.

संध्याकाळी 7. मोजणी. ब्रफ, ब्रफ, ब्रफ. पुढं साऱ्या छावण्यांचा हिशेब लागला तेव्हा ओहायोच्या शिपायांची सुमारे 41 हजार मतं ब्रफना होती, व्हॅलँडिगहॅमना दोन हजारांच्या थोडी वर. उघड्या चिठ्ठीचा त्यात वाटा किती, हा प्रश्न उरतोच. पण ब्रफ एकूण एक लाखाच्या फरकानं आले. शिपायांची मतं वगळली तरी निवडून आलेच असते.

आपल्या शिपायाच्या नावावर नऊ ते अकरा पहारा लागलाय.