पहिल्या पायदानावर कोण?



यंदा स्नेहसंमेलनाच्या तयारीच्या वेळी नववीच्या दोन तुकड्यांत एका गाण्यावरून चांगलीच जुंपली. एका तुकडीचे म्हणणे, आमचेच गाणे सर्वांत लोकप्रिय, कारण मोबाइलवर ते कोट्यवधी वेळा पाहिले गेले आहे. दुसऱ्या तुकडीचे म्हणणे, पाहिले म्हणजे आवडले असे कशावरून? एकाच मुलाने पन्नास वेळा पाहिले असेल तर? प्रकरण आमच्या खोलीपर्यंत आले. दोन्ही गाणी घ्यायची असे सांगून आम्ही सुटका करून घेतली, पण दुसऱ्या तुकडीचा प्रश्न मात्र आम्हाला फार आवडला. हाच वाद आमच्या पिढीने दर बुधवारी रात्री आठ वाजता, रेडिओला कान लावून घातलेला आहे.

आजच्या मुलांना 'बिनाका गीतमाला' हे नाव आजी-आजोबांकडून ऐकूनच माहीत असेल. ३ डिसेंबर १९५२ रोजी रेडिओ सिलोनवर हा कार्यक्रम सुरू झाला. निवेदक होते अमीन सयानी. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित होई, त्याच्या फिती विमानाने कोलंबोला जात आणि तिथून शॉर्टवेव्हवरून तो आपल्या घरी परत येई! हा द्राविडी प्राणायाम कशासाठी, असे कोणीही विचारेल. त्याचे कारण दिल्लीत होते. १९५२ सालीच बा. वि. केसकर हे मराठी गृहस्थ केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीताचे ते कट्टर पुरस्कर्ते. आकाशवाणीवर चित्रपटगीतांना कात्री लागली, निर्मात्यांशीही वाद झाला आणि ही गाणी आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीशी झाली. पण श्रोते काही नाहीसे झाले नाहीत. त्यांनी रेडिओची सुई फिरवून सिलोन लावले. पुढे ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीला 'विविध भारती' सुरू करावी लागली.

आरंभी गीतमालेत क्रमवारी नव्हती. अर्ध्या तासात सात गाणी वाजत. श्रोत्यांनी त्यांचा क्रम लावून पाठवायचा आणि बरोबर उत्तराला बक्षीस, असा खेळ होता. सयानी सांगत असत की पहिल्याच कार्यक्रमाला सुमारे ९,००० पत्रे आली आणि वर्षभरात हा आकडा आठवड्याला ६५,००० च्या घरात गेला. एवढी पत्रे उघडायची कोणी आणि तपासायची कोणी? तेव्हा १९५४ च्या सुमारास बक्षिसाचा खेळ बंद झाला, कार्यक्रम तासाभराचा झाला आणि खालच्या क्रमांकापासून वर चढत जाणारी गाण्यांची शिडी सुरू झाली. तिच्या प्रत्येक पायरीला सयानी 'पायदान' म्हणत. ठरावीक आठवडे टिकलेले गाणे बिगुलाच्या गजरात 'सरताज गीत' होऊन यादीतून सन्मानाने निवृत्त होई. वर्षाच्या शेवटी सगळ्या आठवड्यांची गोळाबेरीज करून वार्षिक यादी लागत असे.

१९५३ च्या वार्षिक यादीत पहिले आले ते 'अनारकली' चित्रपटातील गीत. गायिका लता मंगेशकर, जन्म आपल्या इंदूरचा. संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे नगर जिल्ह्यातील पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर. एका मराठी मंत्र्याने दारातून बाहेर ठेवलेली गाणी दुसऱ्या मराठी माणसाने शिडीच्या टोकावर नेऊन बसवली, याची आम्हाला आजही गंमत वाटते.

आता मुद्द्याचा प्रश्न. ही यादी ठरत कशी होती? मुख्य आधार होता रेकॉर्डच्या विक्रीचा. निरनिराळ्या शहरांतील दुकानांकडून माहिती यायची, जास्त खपलेले गाणे वर आणि कमी खपलेले खाली. वरवर पाहता हिशेब चोख वाटतो. पण त्यात एक भोक होते. एखादे गाणे फारच आवडले तर दुकानातील सगळ्या तबकड्या संपून जात. नव्या येईपर्यंत विक्री शून्य! म्हणजे ज्या गाण्यासाठी लोक दुकानातून रिकाम्या हाताने परतत होते, तेच गाणे यादीत खाली घसरण्याची भीती. शिवाय रेकॉर्ड घेणार तो, ज्याच्या घरी ग्रामोफोन आहे. चहाच्या टपरीवर उभे राहून गाणे ऐकणाऱ्याचे मत या हिशेबात येतच नव्हते.

सयानींना ही अडचण दिसली. म्हणून त्यांनी श्रोता संघांची मते जोडून घेतली. गावोगावी रेडिओ ऐकणाऱ्यांचे हे संघ, एके काळी त्यांची संख्या सुमारे ४०० होती. ते आपापली पसंती कळवीत आणि विक्री व पसंती यांचा मेळ घालून क्रम लागत असे. यामुळे एक भोक बुजले, पण दुसरे पडू शकते हेही खरे. जो संघ मोठा आणि नेटाने पत्रे लिहिणारा, त्याचा आवाज मोठा. ज्याला लिहिता येत नाही, त्याचे मत पुन्हा बाहेरच.

ही काही आपल्याकडचीच अडचण नव्हे. योगायोग असा की गीतमाला सुरू होण्याच्या तीनच आठवडे आधी, १४ नोव्हेंबर १९५२ रोजी, इंग्लंडमध्ये 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस' या साप्ताहिकाने तेथील पहिली विक्री-यादी छापली. पर्सी डिकिन्स या गृहस्थांनी सुमारे वीस दुकानांना दूरध्वनी करून खपाचे आकडे घेतले आणि बारा क्रमांकांची यादी केली. काही ठिकाणी बरोबरी झाल्याने त्यात गाणी मात्र पंधरा आली! पहिले आले ते अल मार्टिनो या गायकाचे गाणे.

पुढे तिथे अशा अनेक याद्या निघू लागल्या. प्रत्येकाची दुकाने वेगळी, म्हणून उत्तरही वेगळे. १९६३ च्या आरंभी बीटल्स या प्रसिद्ध चमूचे 'प्लीज प्लीज मी' हे गाणे 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस' आणि 'मेलडी मेकर' या दोन्ही मोठ्या साप्ताहिकांत पहिले आले, पण 'रेकॉर्ड रिटेलर' या व्यापारी नियतकालिकाच्या यादीत दुसरेच राहिले. नंतर अधिकृत इतिहास म्हणून नेमकी हीच यादी धरली गेली. परिणाम असा की बीटल्सच्या पहिल्या क्रमांकाच्या २७ गाण्यांचा संग्रह २००० साली निघाला, तेव्हा त्यात हे गाणे नव्हते. गाणे तेच, गायक तेच, ऐकणारेही तेच. कोणत्या दुकानात विचारले, एवढाच काय तो फरक!

आणि जे मोजायलाच कोणी गेले नाही, त्याचे काय? गीतमालेची शिडी घरोघर चर्चेत होती त्याच काळात, १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवर 'गीतरामायण' सुरू झाले. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडके यांचे संगीत, वर्षभरात ५६ गीते. महाराष्ट्राबाहेरच्या आपल्यासारख्या मराठी घरांतही ती पुढे पाठ झाली. पण गीतमाला हिंदी चित्रपटगीतांची, तेव्हा तिच्या एकाही पायदानावर ती असण्याचा प्रश्नच नव्हता. यात गीतमालेचा दोष नाही. तिने आपण काय मोजतो ते कधी लपवले नाही. यादीत नाही म्हणून ते लोकांच्या मनातही नाही, असे मानणाऱ्याची मात्र चूक आहे.

हे सगळे सांगायचे कारण केवळ जुन्या आठवणी नाहीत, जरी त्या पुष्कळ आहेत. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले आणि स्वच्छ, सोपी हिंदुस्तानी आम्ही वर्गाइतकीच सयानींकडून शिकलो. २० फेब्रुवारी २०२४ रोजी ते गेले तेव्हा घरातील कोणी वडीलधारे गेल्यासारखे वाटले. खरे कारण वेगळे आहे. गेल्या निकालाच्या दिवशी एक पालक आमच्यासमोर खाली मान घालून बसले होते. मुलाचे नाव पहिल्या दहांत नव्हते. हाच मुलगा रोज प्रार्थनेला तबल्याची साथ करतो आणि लहान मुलांना ठेका धरायला शिकवतो. आमच्या निकालपत्रात त्यासाठी रकाना नाही. त्या दिवशी त्यांना एवढेच सांगू शकलो की ही यादी खोटी नाही, पण ती तीन तासांच्या पेपरांची यादी आहे, तुमच्या मुलाची नाही. नंतर आमच्याच मनाला लागले की हे वाक्य निकालाच्या आधी आणि सगळ्यांनाच सांगायला हवे होते. म्हणून आज लिहीत आहोत. येत्या सत्रापासून निकालपत्रात असा एक रकाना घालावा, हा विषय आम्ही शिक्षकांच्या बैठकीत ठेवणार आहोत.

नववीच्या मुलांना एक काम देतो. शाळेतील आवडत्या गाण्यांची यादी तीन प्रकारे करा. एकदा फक्त हात वर करून, एकदा नाव न लिहिता चिठ्ठीवर आणि एकदा घरातील आजी-आजोबांना विचारून. तीनही याद्या फलकावर शेजारी शेजारी लावा, आणि प्रत्येकीच्या खाली 'आम्ही कोणाला विचारले आणि कोणाला विचारायचे राहिले' हे दोन ओळींत लिहा. पहिला क्रमांक तीनही ठिकाणी एकच निघाला, तर आम्हाला जरूर बोलवा. वेगवेगळा निघाला, तरीही बोलवा.